बडीशेपेच्या बशीतली मोड

हॉटेलात बिल ज्या बशीतून येतं ती बशी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. एका बाजूला बडीशेप, जरा बऱ्या ठिकाणी तिच्याबरोबर खडीसाखर, दोन-चार टूथपिक आणि खाली दुमडून ठेवलेलं बिल. आपण पैसे ठेवतो, बशी जाते आणि उरलेले पैसे घेऊन परत येते. त्यानंतरचे दोन-तीन सेकंद मोठे अवघड असतात. वेटर जवळच उभा असतो, पण आपल्याकडे बघत नसतो. यजमान नोटा उचलतो, नाणी बोटानं जरा बाजूला सारतो. पाहुणे उगाचच भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागतात. किती उचलायचे आणि किती ठेवायचे हे कुठल्या पुस्तकात लिहिलेलं नाही, तरी काही चुकलं तर टेबलावरच्या सगळ्यांना बरोबर कळतं.

या दोन-तीन सेकंदांचा इतिहास लिहावा असं बरेच दिवस मनात होतं. नोकरीत असताना इतिहास म्हणजे लढाया, तह आणि सनावळ्या. परीक्षेत तेच विचारायचे, म्हणून आम्ही तेच शिकवायचो. आता सवड आहे, तर जरा बशीकडेही बघू या.

आधी मोडीची गोष्ट सांगतो. (मोडी लिपीची नव्हे, रुपयाच्या मोडीची!) सुट्या पैशांना आपल्याकडे किती शब्द आहेत बघा. मोड, खुर्दा, चिल्लर, सुटे. त्यातला 'मोड' माझा आवडता. रुपया मोडायचा आणि त्याचे तुकडे हातात घ्यायचे, ती मोड. आमच्या लहानपणी 'रुपयाची मोड आहे का हो?' असंच विचारायचे. 'खुर्दा' फारसीतून आला, त्याचा मूळ अर्थ बारीक तुकडा. शत्रूचा खुर्दा उडवला असं आपण म्हणतो, तेव्हा शत्रूची एका अर्थी मोडच केलेली असते. 'चिल्लर' कानडी-तेलुगूतही आहे. एखाद्या माणसाला 'चिल्लर' म्हणणं ही मात्र आपल्या मनातल्या तुच्छतेची खूण.

ही मोड पूर्वी फुकट मिळत नसे, हे आता आपण विसरूनच गेलो आहोत. पेशवाईत एकच एक रुपया चालत नव्हता. अंकुशी, चांदोरी, मल्हारशाही असे किती तरी रुपये बाजारात फिरायचे. प्रत्येकातली चांदी कमी-जास्त, त्यामुळे प्रत्येकाचा भाव वेगळा. एक रुपया देऊन दुसऱ्या जातीचा रुपया घ्यायचा, किंवा रुपया देऊन तांब्याच्या शिवराया घ्यायच्या, तर सराफ मधे आपला बट्टा कापून घेई. झिजलेल्या नाण्यालाही बट्टा. 'नावाला बट्टा लागला' हा वाक्प्रचार सराफाच्या पेढीवरून थेट आपल्या घरात आला आहे. म्हणजे दिलेल्या पैशांतून उरलेले पैसे पूर्णच्या पूर्ण परत येतील, हे त्या काळी गृहीत धरता येत नव्हतं. ईस्ट इंडिया कंपनीनं १८३५ साली आपल्या सगळ्या मुलखासाठी एकाच वजनाचा आणि कसाचा रुपया आणला, तेव्हापासून बट्ट्याचा हा कारभार हळूहळू उतरणीला लागला.

पुढे रुपयाचे १६ आणे, आण्याचे चार पैसे आणि पैशाच्या तीन पै असा हिशेब पक्का बसला. चवली म्हणजे दोन आणे, पावली म्हणजे चार, अधेली म्हणजे आठ. एका रुपयाचे ६४ पैसे आणि १९२ पै होत. एवढ्या लहान तुकड्यांपर्यंत रुपया मोडता येत होता, म्हणून गरिबाला अर्ध्या आण्याची वस्तूही घेता येत होती. मोड ही गरजेची वस्तू होती, आणि ती संपली की बाजार अडायचा.

ती दोनदा तरी मोठ्या प्रमाणात संपली. पहिल्या महायुद्धात चांदी महाग झाली, तेव्हा सरकारनं नोव्हेंबर १९१७ मध्ये एक रुपयाची कागदी नोट काढली आणि त्याच सुमारास अडीच रुपयांचीही. होय, दोन रुपये आठ आण्यांची नोट! दुसऱ्या महायुद्धात पुन्हा तेच. लोकांनी नाणी घरात दडवायला सुरुवात केली, म्हणून १९४० साली गरजेपेक्षा जास्त नाणी साठवणं हा गुन्हा ठरला आणि एक रुपयाची नोट पुन्हा आली. १९४३ पासून तांबं वाचवण्यासाठी पैशाच्या मधोमध भोक पाडलं. तो भोकाचा पैसा आमच्या आजीनं करगोट्यात ओवून ठेवला होता, म्हणून मला पाहायला मिळाला. काठेवाड आणि राजपुताण्यातल्या काही संस्थानांनी तर नाण्यांऐवजी चक्क पुठ्ठ्याची कुपनं छापली. आज दुकानदार रुपयाऐवजी चॉकलेट हातावर ठेवतो तेव्हा आपण चिडतो. पण त्या चॉकलेटची खानदानी परंपरा अशी जुनी आहे.

मग १ एप्रिल १९५७ आला. रुपयाचे १०० नवे पैसे झाले. मी तेव्हा पहिली-दुसरीत असेन. आम्हांला शाळेत कोष्टक पाठ करावं लागलं. एक आणा म्हणजे सहा नवे पैसे, दोन आणे बारा, तीन आणे एकोणीस, चार आणे पंचवीस. खरं तर एका आण्याचे सव्वा सहा पैसे होतात, पण पाव पैशाचं नाणं नव्हतं. त्यामुळे गंमत अशी व्हायची, की एकेक आण्याच्या तीन वस्तू वेगवेगळ्या घेतल्या तर अठरा पैसे, आणि एकदम घेतल्या तर एकोणीस. हा एक पैसा कुणाचा? गिऱ्हाइकाचा की दुकानदाराचा? दोन्ही प्रकारची नाणी काही वर्षं बरोबरीनं चालत होती, तेव्हा हा प्रश्न चहाच्या प्रत्येक टेबलावर निघत असणार. उरलेला पैसा कुणाचा, हाच तर आपल्या बशीचाही प्रश्न आहे.

आता बशीच्या दुसऱ्या बाजूला येऊ. टीप.

'टीप' हा शब्द इंग्रजी. एका इंग्रजी वाक्याच्या आद्याक्षरांपासून तो बनला, तत्पर सेवेसाठी आगाऊ दिलेले पैसे असा त्याचा अर्थ, अशी एक कथा हौसेनं सांगतात. ती खरी नाही. इंग्लंडातल्या चोरांच्या आणि भटक्यांच्या बोलीत 'टिप' म्हणजे 'दे', आणि तिथून तो शब्द वर चढत चढत सभ्य लोकांच्या टेबलापर्यंत गेला. अठराव्या शतकात तिथल्या श्रीमंतांच्या घरी पाहुणा जेवून निघाला की घरचे नोकर दारापाशी रांगेनं उभे राहत आणि प्रत्येकाच्या हातावर काही ना काही ठेवावं लागे. जेवणापेक्षा निरोप महाग! १७६० च्या दशकात याविरुद्ध तिथे चळवळच झाली. जोनास हॅनवे नावाच्या गृहस्थांनी त्यावर पत्रांची पुस्तिका लिहिली. त्यांचा मुद्दा साधा होता. नोकर तुमचा आहे, तर त्याचा पगार तुम्ही द्या, पाहुण्याकडून कशाला वसूल करता? अडीचशेहून अधिक वर्षं झाली, वाद अजून तोच आहे.

आपल्याकडे द्यायची रीत नव्हती असं नाही. बक्षीस होतं, इनाम होतं, दिवाळीची आणि शिमग्याची पोस्त होती. पण त्यात एक फरक आहे. पोस्त सणाला, पंचांग बघून दिली जायची. बलुतं सुगीला. ज्याला द्यायचं तो माणूस वर्षभर ओळखीचा असायचा. एका जेवणापुरत्या भेटलेल्या, पुन्हा दिसेल न दिसेल अशा माणसाला दर जेवणाला थोडे थोडे पैसे द्यायचे, ही रीत हॉटेलाबरोबर आली. आणि हॉटेल म्हणजे पैसे देऊन परक्याच्या हातचं खाणं, हीच मुळात आपल्याकडे नवी गोष्ट होती.

मुंबईत इराण्यांची हॉटेलं विसाव्या शतकाच्या सुरुवातीला वाढली. धोबीतलावचं कयानी १९०४ चं, बॅलार्ड इस्टेटचं ब्रिटानिया १९२३ चं. दादरला मामा काण्यांचं उपाहारगृह १९१० मध्ये निघालं. माटुंग्याला रामा नायकांनी १९४२ साली उडुपी बोर्डिंग काढलं. घर सोडून शहरात आलेल्या कारकुनांना, गिरणीकामगारांना आणि विद्यार्थ्यांना या मंडळींनी जेवू घातलं.

या जुन्या जागांमध्ये बशीचा प्रसंग फारसा येत नसे, हे लक्षात घ्या. खाणावळीत महिन्याचे पैसे. बऱ्याच बोर्डिंगांत आधी कूपन. इराण्याकडे आणि साध्या मराठी हॉटेलांत गिऱ्हाईक उठून गल्ल्याकडे निघालं की पाठीमागून वेटर ओरडायचा, 'चष्मेवाले, सहा आणे!', 'काळी टोपी, दोघांचे मिळून बारा!' शेट गल्ल्यावर बसून पैसे घेई आणि मोड स्वतःच्या हातानं परत देई. वेटरच्या हाताला पैशाचा स्पर्शच नाही. मग टीप ठेवणार कुठे? कुणी ओळखीचा गिऱ्हाईक जाता जाता एखादा आणा कपाखाली सरकवी, तेवढंच. बशी टेबलावर आली, तेव्हा पैसे नेण्या-आणण्याचं काम वेटरकडे आलं, आणि तो अवघड क्षण जन्माला आला. टीप हा जसा मनाच्या मोठेपणाचा प्रश्न आहे, तसाच तो गल्ला कुठे आहे याचाही आहे, हे कुणी फारसं बोलत नाही.

पैसे परत देण्याच्या रीतीबद्दल आणखी एक गोष्ट लिहिल्याशिवाय पुढे जाणं योग्य होणार नाही. आपल्या गावागावांत अस्पृश्य मानलेल्या माणसानं पैसे जमिनीवर ठेवायचे आणि दुकानदारानं मोड वरून टाकायची, ही रीत होती. चहाला त्यांची कपबशी वेगळी, बाहेर ठेवलेली, आणि ती विसळायचीही त्यांनीच. २६ जानेवारी १९५० ला राज्यघटना लागू झाली, तिच्या पंधराव्या कलमात दुकानं, सार्वजनिक उपाहारगृहं, हॉटेलं यांत जाण्यापासून जात, धर्म वगैरे कारणांवरून कुणाला अडवता येणार नाही असं स्पष्ट लिहिलं आहे. हॉटेलचा उल्लेख घटनेत करावा लागला, यावरूनच काय ते समजा. त्यानंतरही वेगळे कप काही एका दिवसात गेले नाहीत. म्हणून उरलेले पैसे हातात, नीट मोजून, नजर मिळवून देणं हा मला शिष्टाचाराहून मोठा भाग वाटतो. ज्यांच्या आजोबांच्या हातावर नाणी वरून टाकली गेली, त्यांना त्याचं मोल सांगावं लागत नाही.

आता थोडं माझं. नोकरीच्या सुरुवातीला, १९७० च्या दशकात, मी दिवसाच्या शाळेबरोबर मुंबईत एका रात्रशाळेतही शिकवायला जात असे. विषय इतिहास, पण शिक्षक कमी म्हणून अंकगणितही माझ्याच गळ्यात. वर्गातली अर्धीअधिक मुलं हॉटेलात कामाला. कुणी टेबलं पुसायचा, कुणी 'बाहेरवाला' म्हणजे ऑफिसाऑफिसांतून चहा पोचवणारा, दोघं-तिघं वेटर. मुंबईत अशा हॉटेलातल्या मुलांसाठी कानडी रात्रशाळाही होत्या, त्यांतून शिकून पुढे मोठी झालेली माणसं बरीच आहेत.

नफा-तोट्याची उदाहरणं फळ्यावर मांडताना या मुलांकडूनच मला हॉटेलचं अर्थशास्त्र कळलं. पगार बहुतेकांचा शेटकडेच जमा. गावी जाताना एकदम मिळायचा, त्यातूनही फुटलेल्या कपबशांचे पैसे कापून. जेवण आणि झोपायला दुकानातली बाकडी, हे फुकट. म्हणजे रोजच्या रोज हातात खुळखुळणारा पैसा एकच, टीपेचा. वह्या, साबण, केस कापणं, घरी पाठवायचं पोस्टकार्ड, सगळं त्यातून. काही हॉटेलांत ज्याची टीप त्याची. काहींत गल्ल्याशेजारी एक डबा, सगळ्यांनी त्यात टाकायची आणि आठवड्यानं वाटणी. त्या वाटणीत वेटरचा वाटा मोठा, टेबल पुसणाऱ्याचा लहान, आणि मागे मोरीवर भांडी घासणाऱ्याचा कधी असे, कधी नसे. यावरून वर्गात जो वाद झाला तो मला अजून आठवतो. मी गुणोत्तर-प्रमाण शिकवत होतो. भागीदारीचं उदाहरण घातलं होतं. मोरीवर काम करणारा एक मुलगा, एरवी कधी तोंड न उघडणारा, म्हणाला, 'सर, ताट घाणेरडं असतं तर ह्याला टीप मिळाली असती का?' वर्ग एकदम गप्प. पुस्तकातल्या भागीदारीत प्रत्येकाचं भांडवल रुपयांत दिलेलं असतं. त्याचं भांडवल रुपयांत नव्हतं, एवढाच त्याचा मुद्दा. पुढे त्या हॉटेलच्या मुलांनी आपसांत बोलून मोरीवाल्याचा वाटा ठरवून टाकला. किती ठरवला ते मला सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

याच मुलांनी मला मोडीची विद्या शिकवली. गिऱ्हाइकाला दहा रुपये परत द्यायचे असतील, तर दहाची नोट कधी द्यायची नाही. पाचाची एक, दोनाच्या दोन आणि एक रुपया सुटा, असं आणायचं. दहाची नोट गिऱ्हाईक ठेवणार नाही, पण सुटा रुपया ठेवील. सगळी चिल्लरच आणली तर मात्र त्याला राग येतो, खिसा जड होतो ना! मोड अशी करायची की ठेवणाऱ्याला ठेवणं सोपं जावं आणि न ठेवणाऱ्याला लाज वाटू नये. एवढं व्यवहारज्ञान आमच्या पाठ्यपुस्तकात नव्हतं.

आणि एक नियम ती मुलं फार कडकपणे पाळायची. मोड पूर्ण परत आणायची. 'सुटे आणू का?' असं विचारायचं नाही. आता हा प्रश्न सर्रास ऐकू येतो. विचारणाऱ्याला वाटतं आपण नम्रपणे विचारलं, पण 'हो, आणा' म्हणणाऱ्याला आपण कंजूष ठरल्यासारखं वाटतं. उरलेला पैसा गिऱ्हाइकाचा आहे, तो आधी त्याच्यासमोर आला पाहिजे. मग त्यानं तो ठेवला तर ती देणगी. समोर आलाच नाही, तर ती वसुली.

वेटरनं टीपेवर जगावं की पगारावर, या प्रश्नाला आपल्या देशात एक फार सुंदर उत्तर १९५७ सालीच मिळालं होतं. कॉफीचा खप वाढावा म्हणून सप्टेंबर १९३६ मध्ये मुंबईत चर्चगेटला पहिलं इंडिया कॉफी हाउस निघालं, पुढे देशभर पसरलं. पन्नासच्या दशकात कॉफी बोर्डानं ती बंद करायला घेतली, तेव्हा नोकऱ्या जाणार म्हणून कामगार हवालदिल झाले. कम्युनिस्ट नेते ए. के. गोपालन यांनी त्यांना सुचवलं की तुम्हीच सहकारी संस्था काढा आणि चालवा. ऑगस्ट १९५७ मध्ये बंगळूरला पहिली संस्था झाली, त्याच वर्षी दिल्लीला, मग केरळात. डोक्याला तुरेदार फेटा बांधून कॉफी आणून देणारा माणूसच संस्थेचा सभासद, म्हणजे मालक! मालकाला टीप द्यावी का, असा प्रश्न मला तिथे कॉफी पिताना नेहमी पडतो.

बाकी ठिकाणी मालक आणि कामगार वेगळेच राहिले, आणि भांडण कोर्टात गेलं. जयपूरच्या रामबाग पॅलेस हॉटेलच्या खटल्यात १९७६ साली सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं की टीप हा पगाराचा भाग नव्हे, ती गिऱ्हाइकानं दिलेली असते, मालकानं नव्हे. निकाल न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांचा. म्हणजे 'याला टीप मिळते, मग पगार कमी चालेल' हे म्हणायची सोय राहिली नाही. २०१६ साली त्याच न्यायालयानं हॉटेलांनी टीपेवर पगाराप्रमाणे मुळातून आयकर कापायची गरज नाही असंही ठरवलं.

दरम्यान बिलातच एक नवी ओळ आली, सेवाशुल्क. कुठे पाच टक्के, कुठे दहा. त्याच काळात सेवाकर नावाचा सरकारी करही होता, तो २०१७ साली जीएसटी आल्यावर गेला. नावं इतकी जवळची की अनेकांना सेवाशुल्कही सरकारच घेतं असं वाटायचं. एप्रिल २०१७ मध्ये केंद्र सरकारनं सांगितलं की सेवाशुल्क ऐच्छिक आहे. जुलै २०२२ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं तसे नियमच काढले. हॉटेलवाल्यांच्या संघटना कोर्टात गेल्या, आणि २८ मार्च २०२५ ला दिल्ली उच्च न्यायालयानं ते नियम योग्य ठरवले. सेवाशुल्क बिलात सक्तीनं लावता येणार नाही, गिऱ्हाइकाला द्यायचं तर तो आपखुशीनं देईल. माझ्या वर्गातल्या मुलांनी मोडीचा जो नियम केला होता, तोच कायद्याच्या भाषेत आला, असं मला वाचताना वाटलं.

न्यू जर्सीतली आमची भाची म्हणते, 'मामा, तुमचं बरं आहे, तुम्ही दहा रुपये ठेवता. इथे अठरा टक्के ठेवले तरी वेटर बघत राहतो.' तिचं खरं आहे, पण त्यामागेही इतिहास आहे. अमेरिकेत टीपेची रीत यादवी युद्धानंतर युरोपातून आली, आणि गुलामगिरीतून नुकत्याच सुटलेल्या कृष्णवर्णीयांना रेल्वेत, हॉटेलांत पगार नाममात्र द्यायचा आणि बाकी टीपेवर सोडायचं, ही मालकांची सोय झाली. पुलमन कंपनीच्या झोपायच्या डब्यांतले हमाल हे त्याचं ठळक उदाहरण. तिथल्या लोकांनाही हे पटलं नव्हतं बरं का. १९०९ साली वॉशिंग्टन राज्यानं टीपबंदीचा कायदा केला, आणखी काही राज्यांनी केला, पण १९२६ पर्यंत सगळे रद्द झाले. पुलमनच्या हमालांनी १९२५ साली ए. फिलिप रँडॉल्फ यांच्या नेतृत्वाखाली संघटना बांधली आणि बारा वर्षं झगडून १९३७ मध्ये कंपनीशी करार केला. तरी १९६६ च्या कायदेदुरुस्तीनं टीप हा किमान वेतनाचाच भाग धरायला मुभा दिली. तिथल्या केंद्रीय कायद्यानं टीप मिळवणाऱ्याला मालकानं द्यायचं किमान वेतन तासाला २ डॉलर १३ सेंट आहे, आणि ते १९९१ पासून बदललेलं नाही. कॅलिफोर्नियासारखी काही राज्यं पूर्ण वेतन द्यायला लावतात, पण सगळी नाहीत. म्हणजे भाची अठरा टक्के देते तेव्हा ती बक्षीस देत नाही, मालकानं न दिलेला पगार भरते. आपलं सर्वोच्च न्यायालय नको म्हणालं, नेमकं तेच तिथे कायद्यात बसलं आहे.

उलट जपानमध्ये टीप ठेवली तर वेटर पैसे विसरलात म्हणून मागे येतो. तिथे मोड एका छोट्या तबकातून शेवटच्या येनपर्यंत परत देतात. फ्रान्समध्ये १९८७ पासून मेनूवरच्या किमतीतच सेवेचा मोबदला धरलेला असतो. ब्रिटनमध्ये टीप पूर्णच्या पूर्ण कामगारांना वाटलीच पाहिजे असा कायदा १ ऑक्टोबर २०२४ पासून लागू झाला. हॅनवे साहेबांचा आत्मा जरा शांत झाला असेल.

आता आपल्याकडची बशीच रिकामी होत चालली आहे. २५ पैसे आणि त्याखालची नाणी ३० जून २०११ नंतर बाद झाली. ५० पैसे कायद्यानं चालतात, पण दिले तर समोरचा हसतो. नोव्हेंबर २०१६ मध्ये नोटा रद्द झाल्या तेव्हा हातात दोन हजारांची गुलाबी नोट आणि बाजारात मोड नाही, अशी युद्धकाळासारखी अवस्था आपण पाहिली. त्याच वर्षी यूपीआय सुरू झालं होतं. आता टेबलावर चौकोनी खुणेचा पुठ्ठा उभा असतो. बिल २४३ रुपये, तर २४३ च जातात. ना मोड, ना बट्टा, ना चॉकलेट. उरलेला पैसा कुणाचा हा प्रश्नच उरला नाही. पेशवाईतल्या सराफाला हे सांगितलं असतं तर त्यानं कपाळाला हात लावला असता.

मात्र त्या मोडीबरोबर टीपही गेली. आपल्याकडची टीप हिशेबातून उरलेल्या पैशांवर जगत होती, टक्केवारीवर नव्हे. उरलंच नाही तर ठेवणार काय? मी ज्या उडुप्याकडे जातो तिथल्या वेटरला विचारलं, तर म्हणाला, 'साहेब, आता दिवसाला पन्नासही होत नाहीत. पैसे सगळे शेटच्या खात्यात.' गल्ला पुन्हा एकदा वेटरच्या हातून शेटकडे गेला. शंभर वर्षांपूर्वीच्या इराण्याकडे होता तसा.

मग करायचं काय? माझ्यापुरते मी तीन नियम केले आहेत. शर्टाच्या खिशात दहा-वीसच्या पाच-सहा नोटा सुट्या ठेवायच्या, बिल फोनवरून दिलं तरी टीप हातात द्यायची. बिलात सेवाशुल्क असेल तर आधी विचारायचं की हे तुम्हांला मिळतं का, आणि नाही म्हणाला तर ते काढायला सांगून तेवढे पैसे त्याला द्यायचे. तिसरा नियम, नोट देताना 'सगळ्यांत वाटून घ्या' एवढं म्हणायचं. त्यावर वेटर कधी हसतो, कधी नुसती मान हलवतो. एकदा एकानं आत वळून हाक मारली आणि मोरीवरचा माणूस हात पुसत दारापर्यंत आला, काय काम आहे ते विचारायला. काम काहीच नव्हतं. त्याला दाखवायचं होतं, एवढंच.

तुमच्याकडे काय रीत आहे? नाशिकला, नागपूरला, पणजीला, आणि परदेशात असाल तर तिथेही. ज्येष्ठ मंडळींपैकी कुणाला आण्या-पैशांच्या काळातल्या हॉटेलांतले वेटरचे पुकारे आठवत असतील तर तेही कळवा. 'काळी टोपी, बारा आणे' सारखे आणखी किती तरी असतील. ऐकलेले कान आहेत तोवर लिहून ठेवू या.